बाहुलीवरचा आत्मविश्वास आणि प्रसूतिकक्ष : एक चिकित्सा

वैद्यकीय व परिचर्या विद्यार्थ्यांच्या सिम्युलेशन प्रशिक्षणावर जे शोधनिबंध येतात, त्यांपैकी बऱ्याच निबंधांचा साचा एकच असतो. आधी प्रश्नावली, मग मॅनिकिनवर सराव, पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढले, सबब प्रशिक्षण परिणामकारक. अमेरिकेतील नॅशनल लीग फॉर नर्सिंगची यासाठीची प्रश्नावली १३ विधानांची आहे : ५ समाधानाची, ८ आत्मविश्वासाची. ती टाकाऊ नाही. परंतु तिच्यातून विद्यार्थिनीला काय वाटते एवढेच कळते, तिचा हात काय करतो ते नाही. २००६ साली 'जामा' नियतकालिकात डेव्हिस व सहकाऱ्यांनी डॉक्टरांचे स्वमूल्यमापन प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहिले. २० तुलनांपैकी १३ मध्ये दोहोंचा संबंध अगदी थोडा, मुळीच नाही किंवा चक्क उलटा निघाला.

म्हणून बेळगावचा अभ्यास वाचण्यासारखा आहे. 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' हे नवजात बालकाला श्वास देण्याचे प्रशिक्षण २०१० साली सुरू झाले. त्यातील बाहुलीत पाणी भरले की ती खऱ्या बाळासारखी जड लागते. मास्क चेहऱ्यावर नीट बसला नाही तर तिची छाती वर येत नाही. बाहुलीची ही 'नापसंती' कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा प्रामाणिक म्हणावी लागेल. बेळगाव परिसरात प्राथमिक आरोग्य केंद्रे व रुग्णालयांतील ५९९ प्रसूतिसेवकांना हे शिकवले गेले आणि निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. येथे संशोधक आत्मविश्वासापाशी थांबले नाहीत, त्यांनी बाळे मोजली. मृतजन्म ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले, 'ताजे' मृतजन्म १.७ वरून ०.९ वर. २८ दिवसांपर्यंतचा नवजात मृत्युदर मात्र जवळजवळ होता तेथेच राहिला.

याचा अर्थ कसा लावावा? पूर्वी जे बाळ न रडल्यामुळे मृत समजून बाजूला ठेवले जाई, त्याला आता श्वास दिला जातो, असा अर्थ संभवतो. त्यातील काही बाळे पुढे दगावत असतील, तर नवजात मृत्युदर न घटणे हे केवळ अपयश ठरत नाही. मात्र अभ्यास पूर्व-उत्तर तुलनेचा आहे, नियंत्रित गट नाही; सबब सर्व श्रेय प्रशिक्षणाला देणे घाईचे होईल.

टांझानियातील हायडम रुग्णालयाचा अनुभव अधिक बोचरा आहे. एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर सात महिन्यांनीही कर्मचाऱ्यांची बाहुलीवरची कामगिरी सुधारलेली होती, पण प्रसूतिकक्षातील वागणूक बदलली नव्हती. पुढे तेथेच थोड्या थोड्या वेळाचा सराव वारंवार ठेवला, तेव्हा २४ तासांतील मृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. दोन्ही वेळी बाहुली तीच होती.

पुतळ्यावरचा सराव ही काही परकी नवलाई नव्हे. सुश्रुतसंहितेच्या योग्यासूत्रीय अध्यायात भोपळा, काकडी, कलिंगडावर छेद शिकवला आहे. आता भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमातही सिम्युलेशनला तासिका आहेत. प्रश्न धार व देवाससारख्या जिल्ह्यांत वेगळाच उभा राहतो. पवारांच्या या जुन्या संस्थानांत मराठी घरातील विद्यार्थिनी हिंदीतून शिकते. प्रसूतीला आलेली बाई कुक्षी-मनावरकडची असेल तर निमाडी किंवा भिली बोलते, देवासची असेल तर माळवी. बाहुली काहीच बोलत नाही. बाळाची आजी बोलते, अडवते, घाबरते, आणि त्या गोंधळात पहिले मिनिट निघून जाते. शांत प्रयोगशाळेत मिळवलेला आत्मविश्वास त्या आजीपुढे टिकतो का, याची नोंद वर सांगितलेल्या साच्यातील निबंधांत सापडत नाही.

आपल्या कम्युनिटी कॉलेजांत रुग्णसहायकाचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या शिक्षकांना यासाठी महागडी प्रयोगशाळा लागणार नाही. सरावाच्या वेळी एका विद्यार्थिनीला आजी करावे व तिने घरच्या बोलीतच बोलावे. दुसरीने घड्याळ धरावे. प्रश्नावली भरून घ्यायची तर जरूर घ्यावी, पण शेजारच्या रकान्यात छाती वर येईपर्यंत किती सेकंद लागले तेही लिहावे. महिन्याने, आगाऊ सूचना न देता, हेच पुन्हा करून दोन्ही रकाने समोरासमोर ठेवावेत.