मेंदूवाचून गणित? एका गाजलेल्या लेखाविषयी

मेंदूचा धडा शिकवताना एक गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. इंग्लंडमधील एका विद्यार्थ्याच्या डोक्यात मेंदू जवळजवळ नव्हताच, तरी तो गणितात पहिल्या वर्गात पदवीधर झाला! वर्ग थक्क होतो. या गोष्टीचे मूळ 'सायन्स' साप्ताहिकाच्या डिसेंबर १९८० मधील रॉजर लेविन यांच्या लेखात आहे. त्याचे शीर्षकच 'तुमचा मेंदू खरोखर आवश्यक आहे का?' असे होते.

लेखाचा विषय आहे शेफील्डचे बालरोगतज्ज्ञ जॉन लॉर्बर यांचे जलशीर्षाच्या रुग्णांवरील काम. मेंदूतील पोकळ्यांत रोज सुमारे अर्धा लिटर द्रव तयार होतो आणि पुढे रक्तात शोषला जातो. ही वाट अडली की द्रव साचतो, पोकळ्या फुगतात आणि मेंदू कवटीकडे दाबला जातो. हेच जलशीर्ष. त्या विद्यार्थ्याचा बुद्ध्यंक १२६ होता; पण सीटी-चित्रात मेंदूचा थर साडेचार सेंटिमीटरऐवजी जेमतेम मिलिमीटरभर दिसला, असे लॉर्बर यांचे म्हणणे होते.

लेखाची जमेची बाजू मोठी आहे. डोके मोठे म्हणजे बुद्धी कमी, हा समज त्याने हादरवला. शंका घेणाऱ्यांनाही त्यात जागा आहे. अशी चित्रे वाचणे अवघड असते, हा लंडनचे मेंदूशल्यविशारद केनेथ टिल यांचा इशारा लेखातच आहे. पण शीर्षक लोकांच्या लक्षात राहिले, इशारा विसरला गेला.

हा इशारा किती महत्त्वाचा, ते गणितानेच पाहू. मेंदू ७ सेंटिमीटर त्रिज्येचा गोल माना. त्याचा १ मिलिमीटर जाडीचा बाहेरचा थर म्हणजे एकूण घनफळाच्या सुमारे ४ टक्के. पण थर १ सेंटिमीटर असेल तर सुमारे ३७ टक्के! जाडी वाचण्यातील चूक अशी नऊपट होते. त्या काळची सीटी-चित्रे आजच्या मानाने ठोकळच होती. शिवाय दाबला गेलेला मेंदू म्हणजे नाहीसा झालेला मेंदू नव्हे. द्रव हळूहळू साचला तर मेंदू ताणला जातो, पातळ होतो, आणि बरेचसे काम चालू ठेवतो. तेव्हा या उदाहरणातून मेंदूची लवचीकता दिसते. मेंदू अनावश्यक ठरत नाही.

आमचा खरा आक्षेप पुढेच आहे. 'मेंदू नसला तरी चालते' हे ऐकलेला पालक उपचार लांबवील. जलशीर्षावर उपचार आहेत. शंट नावाची बारीक नळी झडपेतून जादा द्रव बहुधा पोटात सोडते. अशी एक झडप याच टिल यांनी, जलयंत्रांचे अभियंते स्टॅन्ली वेड आणि आपल्या मुलासाठी धडपडणारे लेखक रोआल्ड डाल यांच्यासह १९६०नंतर घडवली. मात्र शंट तुंबू शकतो. शंट असलेला विद्यार्थी डोकेदुखी, उलटी, गुंगी यांची तक्रार करू लागला, तर ते अभ्यास टाळण्याचे निमित्त समजू नये. पालकांना लगेच बोलावून त्याला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

गोष्ट वर्गात जरूर सांगावी; पण गोलाचे गणित आणि शंटची माहिती यांसह. मग ती चमत्कारकथा न राहता विज्ञानाचा धडा होईल.