पाणी आणि म्हातारपण

‘अल्कलाइन पाणी प्या, म्हातारपण लांबवा’ हा प्रचार तपासून पाहण्याजोगा आहे. असे पाणी जठरातल्या आम्लातच उदासीन होते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ दरम्यान राखण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे करतात. मग तारुण्य येणार कोठून?

पाण्याने अकाली म्हातारपणासारखी अवस्था मात्र येऊ शकते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत भूजलातील फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅम या मर्यादेहून अधिक आहे. अतिफ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले, की सांधे आखडतात, पाठ वाकते. हे वार्धक्य नव्हे, फ्लोरोसिस आहे. तुरटी-चुन्याने फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्याच ‘नीरी’ने विकसित केली. म्हणून शिक्षकांनी वर्गात जाहिरातीतल्या सामूआधी गावच्या बोअरमधील फ्लोराइडची चौकशी करायला शिकवावे.