आकार वजा जाता

खंडाळ्याच्या आमच्या शाखेत अक्षरी रकमेशिवाय व्हाउचर पुढे सरकत नाही. त्यामुळे वासुदेव गायतोंड्यांशी माझे आधी जमेना. १९४८ साली जे. जे.तून पदविका घेतलेला हा गृहस्थ चांगली माणसे काढायचा. मग क्लेची चित्रे पाहिली आणि पन्नाशीच्या दशकात आकृत्या वजा करत गेला. बाकी उरला रंग! पुढे तो रोलरने चढवायचा, खरवडायचा.

"पावसाळ्यात आपली भिंत हेच फुकट करते," ही म्हणाली. २०१५ साली त्यांचे एक चित्र २९ कोटींवर गेल्याचे वाचले नि भिंतीकडे मी आदराने पाहिले.

पण खरे सांगू? औंधच्या संग्रहालयातली चित्रे मला चटकन कळतात, नि मी पुढच्या दालनात जातो. गायतोंड्यांच्या नुसत्या छापील चित्रापुढे परवा चहा निवला. काय पाहिलेत म्हणाल, तर 'अक्षरी'चा रकाना कोराच आहे. तरी ते व्हाउचर परत पाठवायला हात होत नाही.