'सत्याचे प्रयोग'मधील आहारप्रकरणे : वर्ज्य, व्रत आणि परतीची वाट

गांधीजींच्या आत्मकथेचे मराठीतील वाचन प्रामुख्याने दोन अंगांनी होत आले आहे. एक राजकीय, दुसरे आध्यात्मिक. सीताराम पुरुषोत्तम उर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी केलेला 'सत्याचे प्रयोग अथवा आत्मकथा' हा अनुवाद महाविद्यालयीन ग्रंथालयांतून सहज आढळतो. त्यातील दक्षिण आफ्रिका, चंपारण व खेडा या प्रकरणांवर परिसंवाद होतात, प्रश्नपत्रिकांत प्रश्नही येतात. आहाराची प्रकरणे मात्र थोर पुरुषाचा एक निरुपद्रवी विक्षिप्तपणा म्हणून हलकेच ओलांडली जातात. वस्तुतः ग्रंथाच्या शीर्षकातील 'प्रयोग' हा शब्द अक्षरशः लागू पडतो तो याच प्रकरणांना. तेथे एक पदार्थ वगळला जातो, शरीराकडे पाहिले जाते आणि निष्कर्ष मांडला जातो. पोटाच्या तक्रारीसाठी आहारातून एकेक पदार्थ काढून पाहण्याची पद्धती आज सुशिक्षित मध्यमवर्गात बरीच रूढ होत असताना या प्रकरणांचे पुनर्वाचन अप्रस्तुत ठरू नये.

या पद्धतीचे आजचे शास्त्रीय रूप थोडक्यात ध्यानात घेणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी २००५च्या सुमारास 'लो फॉडमॅप' नावाची आहारपद्धती पुढे आणली. आतड्यात पूर्णपणे शोषल्या न जाणाऱ्या आणि तेथे आंबून वायू निर्माण करणाऱ्या काही शर्करा हे तिचे लक्ष्य. 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम' या विकाराच्या रुग्णांना गहू, कांदा, लसूण, हरभरा-राजम्यासारखी कडधान्ये, दूध व काही फळे काही काळ वर्ज्य करावी लागतात. (लासलगावची बाजारपेठ ज्या जिल्ह्यात आहे, तेथे कांदा वर्ज्य करण्याचा सल्ला हा वैद्यकीय कमी आणि कौटुंबिक संकट अधिक ठरतो, ही गोष्ट वेगळी.) या पद्धतीचे टप्पे तीन आहेत. पहिला वर्ज्य करण्याचा, साधारण दोन ते सहा आठवड्यांचा. दुसऱ्यात एकेक पदार्थ क्रमाने परत आणून नेमका कोणता बाधतो ते पाहायचे. तिसऱ्यात जेवढे बाधते तेवढेच टाळून शेष सर्व आहार पुन्हा सुरू करायचा. पहिल्या टप्प्यातच रेंगाळल्यास पोषणात उणिवा राहतात आणि आतड्यातील काही उपकारक जिवाणूंचे प्रमाणही घटते. म्हणजेच या पद्धतीचा प्राण वर्ज्य करण्यात नसून परत घेण्यात आहे. आणि व्यवहारात नेमका हाच टप्पा गाळला जातो. ज्याला बरे वाटते त्याला परतण्याची भीती वाटते, आणि ज्याला बरे वाटत नाही तो आणखी एक पदार्थ काढून टाकतो.

या कसोटीवर आत्मकथेतील प्रकरणे वाचू लागले म्हणजे प्रथम जाणवतो तो लेखकाचा प्रामाणिकपणा. जोहान्सबर्गला वकिली जोरात चालली असताना गांधीजींना बद्धकोष्ठ व डोकेदुखीचा त्रास होता, सारक घेतल्याखेरीज चालत नसे. मँचेस्टरमध्ये सकाळची न्याहारी सोडणाऱ्यांचे एक मंडळ निघाल्याचे त्यांच्या वाचनात आले. त्यांनी न्याहारी सोडली. डोकेदुखी थांबली, त्यावरून आपण गरजेपेक्षा अधिक खात होतो असे अनुमान त्यांनी काढले. बद्धकोष्ठ मात्र हटले नाही, हेही त्यांनी नोंदवले. त्यासाठी पुढे जुस्ट यांच्या ग्रंथातील ओल्या मातीची पट्टी पोटावर ठेवण्याचा उपाय आला. एका उपायाने एक लक्षण गेले, दुसरे राहिले, असे सरळ सांगणारे आरोग्यविषयक लेखन त्या काळीही विरळच असले पाहिजे.

कस्तुरबांच्या आजाराचे प्रकरण याहून बोलके आहे. रक्तस्राव थांबत नव्हता. मीठ आणि डाळी सोडाव्यात असा गांधीजींचा आग्रह, आणि 'तुम्हांला तरी सांगितले तर सुटेल का?' अशा आशयाचे कस्तुरबांचे उत्तर. त्याच क्षणी गांधीजींनी दोन्ही पदार्थ एका वर्षासाठी सोडले. कस्तुरबा कळवळल्या, विनवू लागल्या. पण शब्द मागे घेतला गेला नाही. पुढे कस्तुरबांची प्रकृती सुधारली. आणि येथे लेखक थबकतो. ही सुधारणा अळणी व डाळीविना आहाराने झाली, की त्या अनुषंगाने आहारात झालेल्या इतर बदलांनी, की पथ्याच्या काटेकोर देखरेखीने, की या प्रसंगाने मनाला लाभलेल्या समाधानाने, हे आपल्याला सांगता येत नाही, असे तो कबूल करतो. एका वेळी अनेक गोष्टी बदलल्या तर परिणामाचे श्रेय कोणाला द्यायचे, हा आजच्या संशोधनपद्धतीतील मूलभूत प्रश्न येथे अतिशय साध्या शब्दांत आला आहे.

परंतु याच प्रकरणात प्रयोगाचे रूपांतर दुसऱ्याच कशात तरी होताना दिसते. वर्षाची मुदत संपली तरी मीठ-डाळींचा त्याग चालूच राहिला. त्याला आता आरोग्याचे कारण पुरेसे उरले नव्हते. संयमाचे कारण त्याच्या जागी आले होते. प्रयोग आणि व्रत या दोन शब्दांचे व्याकरणच भिन्न आहे. प्रयोग फसण्याची मुभा ठेवून सुरू होतो. व्रत मोडण्याची मुभा नाकारून सुरू होते. गांधीजी एका वाक्यात प्रयोगकर्ते असतात आणि पुढच्या वाक्यात व्रती, आणि हा पालट इतक्या सहजपणे होतो की वाचकाला तो जाणवतही नाही. आत्मकथेच्या या भागातील खरा कलहबिंदू हाच आहे, असे म्हणावेसे वाटते. कारण एकदा स्वादजय हे ध्येय ठरले, की यशाचे मापन पोटावरून न होता जिभेवरून होऊ लागते. पोट बिघडले तरी तो प्रयोग फसला असे मानण्याचे कारण उरत नाही.

दुधाच्या त्यागाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी व कॅलनबाख यांनी दूध सोडले. दूध ब्रह्मचर्याला बाधक आहे हा विचार मनात होताच. कलकत्त्याकडे गायी-म्हशींच्या केल्या जाणाऱ्या छळाची माहिती वाचून त्याला बळ मिळाले. पुढे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू व ऑलिव्ह तेल यांवर निर्वाह सुरू झाला. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना त्यांचा आहार मुख्यत्वे शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू एवढाच होता. पोट थोडे बिघडलेलेच होते. अशात एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेली गव्हाची गोड लापशी व मूग त्यांनी पोटभर खाल्ले आणि अतिसाराने ते अंथरुणाला खिळले.

या प्रसंगाचे आत्मकथेतील निरूपण टीकात्मक नजरेने वाचावयास हवे. दोष दिला जातो तो रसनेला. मोहाला बळी पडलो, म्हणून ही शिक्षा, असा त्याचा सूर आहे. अतिसार जंतुसंसर्गाने झाला असेल, ही शक्यता आहेच. परंतु अनेक वर्षे मोजक्याच पदार्थांवर चाललेल्या पचनसंस्थेसमोर अचानक भरपेट धान्य आणि कडधान्य आले तर काय होईल, हा प्रश्न कथनात उपस्थितच होत नाही. वर्ज्य आहाराचा काळ निर्दोष आणि परतीचा घास अपराधी, अशी ही मांडणी आहे. परत येण्याची रीतच ठरलेली नसल्यामुळे परतणे हे केवळ पतनाच्याच रूपात घडू शकले.

पुढचा भाग महाराष्ट्रात घडतो. हवापालटासाठी गांधीजींना माथेरानला आणण्यात आले. तेथील जड पाणी मानवले नाही, गुदद्वाराच्या चिरांमुळे शौचाच्या वेळी असह्य वेदना होत, आणि आठवड्याभरातच त्यांना माथेरान सोडावे लागले. शंकरलाल बँकर यांनी प्रकृतीचा भार स्वतःकडे घेतला. मुंबईत डॉ. दलालांनी तपासून सांगितले की दूध घेतल्यावाचून शरीर पुन्हा उभे करता येणार नाही. दूध न घेण्याची प्रतिज्ञा आड आली. प्रतिज्ञा केली तेव्हा मनात गाय-म्हैसच होती, मग शेळीचे दूध घेण्यास हरकत कोणती, हा मार्ग कस्तुरबांनी सुचवला, डॉक्टरांनी उचलून धरला आणि गांधीजींनी स्वीकारला. तो स्वीकारताना आपण प्रतिज्ञेचे अक्षर राखले, पण आत्मा मारला, ही टोचणी त्यांनी लपवलेली नाही. शरीराच्या दृष्टीने पाहता ही केवळ एका पदार्थाची परतफेड होती. व्रताच्या भाषेत मात्र तिला अपराधाचे रूप आले. ज्या गोष्टीला डॉक्टर दुसरा टप्पा म्हणतील, तिच्यासाठी येथे शब्दाची फोड करून पळवाट काढावी लागली.

गांधीजींनी स्वीकारलेली व्रतकल्पना आपल्या परंपरेत एकमेव नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. मराठी घरांतील व्रतांना उद्यापन असते. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करणारे घर आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून त्या पदार्थाचा निरोप घेते आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगे परत आणते. जाण्याचा दिवस ठरलेला, येण्याचाही ठरलेला. आणि येणे हा उत्सव. आयुर्वेदातही शोधनानंतर संसर्जनक्रम सांगितला आहे. पेया, विलेपी, यूष अशा पायऱ्यांनी रुग्णाला नेहमीच्या आहाराकडे न्यावयाचे असते. अहितकर सवय सोडायची तीही एकदम नव्हे, पावापावाने, असे चरकसंहितेत म्हटले आहे. आजच्या आतडेतज्ज्ञांचे म्हणणे याहून फार निराळे नाही.

परतीची वाट नसलेल्या वर्ज्याचे नाशिकच्या परिसरातील एक अविस्मरणीय चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'च्या (१९३४-३६) आरंभीच येते. जलालपूरच्या घरात १८५७च्या धामधुमीत झालेल्या एका आप्ताच्या फाशीचा धक्का लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा बसला की त्यांच्या सोवळ्याला सीमा उरली नाही. बाहेरून आलेली वस्तू पाण्यातून काढल्याखेरीज घरात येत नसे, आणि यातून मीठही सुटले नाही. मीठ धुणे म्हणजे ते गमावणे, हे लहान मुलांना दिसत होते. ते पाहू न शकणारा घरातील कर्ता पुरुषच होता. लक्ष्मीबाई हे विनोदाने सांगतात, पण त्या विनोदाखाली घरभर पसरलेली भीती आहे. हे आरोग्यासाठीचे पथ्य नव्हते, हे खरे. तथापि भीतीपोटी एकेक वस्तू दूषित ठरत जाते आणि खाण्याजोगे जग आक्रसत जाते, ही प्रक्रिया दोन्हीकडे सारखीच आहे. पुढे पतीच्या धर्मांतरानंतर वेगळी चूल आणि वेगळे पाणी सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते निर्बंध स्वतःच्या विचाराने सोडले आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा होण्याआधीच त्या या बंधनांतून मोकळ्या झाल्या होत्या. मराठी आत्मचरित्रात वर्ज्याकडून परतीचा प्रवास इतक्या निर्भयपणे क्वचितच आला असेल. आणि त्याला त्यांनी पतन म्हटले नाही.

गांधीजींच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मातीपाण्याच्या उपचारांनंतर लगेच येणारे सावधगिरीचे प्रकरण आज आतड्यांच्या आरोग्याविषयी पुस्तके व व्याख्याने करणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. आपल्या आरोग्यविषयक पुस्तकावरून ज्यांनी दूध सोडले असेल, त्यांनी सर्व दृष्टींनी लाभ दिसत असल्याखेरीज किंवा अनुभवी वैद्यांचा सल्ला असल्याखेरीज तो हट्ट चालू ठेवू नये, असे तेथे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले आहे. स्वतःसाठी जे व्रत, ते वाचकासाठी प्रयोगच राहावे, हा विवेक त्यात आहे. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान राजवाड्यात बंदिवासात असताना लिहिलेल्या 'आरोग्यकी कुंजी'मध्ये तर शाकाहारी माणसाला प्रकृती राखण्यासाठी दूध व दुधाचे पदार्थ लागतात, हा अनुभव त्यांनी नोंदवून ठेवला. तोपर्यंत मुंबईतील त्या तपासणीला चोवीस वर्षे होत आली होती, आणि शेळीचे दूध त्यांच्या रोजच्या आहारात होते.