व्रताचे पारणे आणि आजाराचे मौन

बऱ्हाणपुरातील आपल्या जुन्या मराठी घरांत एकादशीची साबुदाण्याची खिचडी, हरतालिकेचा निर्जळी उपास आणि सणावारी पंगतीत आग्रहाने वाढलेली मावा जिलेबी, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. अन्न वर्ज्य करणे आणि अन्न आग्रहाने वाढणे, या दोन्ही गोष्टींना आपल्याकडे सारखाच मान आहे. त्यामुळेच अन्नाशी निगडित असा एखादा आजार घरात शिरला, तर तो आपल्याला बहुधा ओळखू येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ अलीकडे पुन्हा वाचताना ही गोष्ट मला प्रकर्षाने जाणवली.

1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रातील विनोद, प्रांजळपणा आणि घरगुती बोलीचा गोडवा यांची आपल्या समीक्षेने भरभरून दखल घेतली आहे. आरंभीच्या प्रकरणांतील लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे तर मराठी वाचकाच्या स्मरणात कायमचे बसले आहे. 1857 च्या बंडाच्या प्रकरणात त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर या गृहस्थांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज वापरायचा नाही, असा त्यांचा दंडक. त्यातून मीठही सुटले नाही! आपण हे वाचून हसतो, आणि लक्ष्मीबाईंनाही आपण हसावे असेच वाटत असावे.

परंतु हसून झाल्यावर क्षणभर थांबले पाहिजे. लक्ष्मीबाई निदान करीत बसत नाहीत, तरी त्यांच्या कथनातून दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली ही की, या वेडाचा विषय अन्न असला तरी त्याचे मूळ अन्नात नाही. ते भयात आणि आघातात आहे. दुसरी ही की, एका माणसाच्या वेडाभोवती सबंध घर हळूहळू वाकत जाते. बायको-मुले त्या नियमांची चाकर होतात आणि काही काळाने तेच घराचे वळण ठरते. काटेकोर बोलायचे तर हा प्रकार आज ज्याला मंत्रचळ म्हणतात त्याच्या जवळचा आहे. तो आहारविकार नव्हे. तरीही आहारविकार समजून घेण्यासाठी या दोन खुणा फार उपयोगी पडतात.

आहारविकारांची वैद्यकातील ओळख तशी अलीकडची आहे. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग यांनी 1873 साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अन्न सोडून देणाऱ्या तरुण मुलींच्या आजाराचे वर्णन केले. तो ॲनोरेक्सिया. बुलिमियाचे वर्णन जेराल्ड रसेल यांनी 1979 साली केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बैलासारखी भूक. या आजारात माणूस थोड्या वेळात, स्वतःवरचा ताबा सुटून, खूप खातो. मग लाजेने आणि वजनाच्या धास्तीने ओकारी काढतो, रेचके घेतो, कडक उपास करतो किंवा अतोनात व्यायाम करतो. पुन्हा भूक, पुन्हा ताबा सुटणे, असे हे चक्र फिरत राहते. वजन पुष्कळदा सर्वसामान्यच असते, म्हणून घरच्यांना संशय येत नाही. पोटातील आम्लामुळे दातांवरचे कवच झिजते, गालांजवळच्या लाळग्रंथी सुजतात आणि रक्तातील पोटॅशियम घटले तर हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकते.

आता आपल्या साहित्याकडे वळू. अतिखाण्यासाठी आपल्याकडे ‘भस्म्या’ हा शब्द आहे. पण तो थट्टेचा. बकासुर, कुंभकर्ण, भीम ही अफाट भुकेची पात्रे सारी पुरुषांची, आणि त्यांच्या भुकेला एक भव्यता आहे. स्त्रीच्या वाट्याला याच्या नेमकी उलट प्रतिमा आली. पार्वतीने तपात झाडाची पानेही सोडली म्हणून ती अपर्णा. सगळ्यांना वाढून उरलेसुरले खाणारी आई आपल्या कथा-कवितांत सदैव वंद्य ठरली. स्त्रीच्या न खाण्याला प्रतिष्ठा देणाऱ्या या परंपरेत, भरपूर खाऊन ते लपवणारी, स्वतःच्या भुकेची शरम वाटणारी स्त्री कोठे बसणार? तिच्यासाठी ना थट्टेचा शब्द आहे ना गौरवाचा. तिच्या वाट्याला फक्त मौन येते.

हे मौन मी जवळून पाहिले आहे. आमच्या नात्यातील एक मुलगी महाविद्यालयात असताना सोमवार, गुरुवार, शनिवार असे उपास करू लागली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिच्या निष्ठेचे आणि शिडशिडीत बांध्याचे कौतुक करीत. कौतुक करणाऱ्यांत मीही होतो. रात्री स्वयंपाकघरातील डबे रिकामे होत आणि पहाटे न्हाणीघरातील नळ बराच वेळ वाहत राही, याचा अर्थ आम्हां कोणालाच लागला नाही. तो लागला दातांच्या डॉक्टरांना. कवचाची झीज पाहून त्यांनी तिला हळूच विचारले आणि ती रडू लागली. कित्येक महिन्यांत असा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता.

मग दोष उपासांचा का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे सांगितले आहे. ज्ञानेश्वरांनीही तेथे मोजक्या आहाराचाच पक्ष घेतला आहे. व्रताला तिथी असते, मर्यादा असते आणि मुख्य म्हणजे पारणे असते. पारण्याच्या दिवशी घरातली माणसे एकत्र बसून आनंदाने जेवतात. आजाराला पारणे नाही. तो एकट्याने, दार लावून भोगावा लागतो. बाहेरून उपास एकसारखेच दिसतात. म्हणून पारण्याच्या ताटावर ती मुलगी कशी बसते, हेच पाहण्यासारखे असते.

हा पाश्चात्त्य श्रीमंतांचा आजार, अशी समजूत करून घेण्यातही अर्थ नाही. फिजी बेटांवरील एका भागात 1995 साली दूरचित्रवाणी नुकतीच पोहोचली होती. ॲन बेकर यांनी तेव्हा पाहणी केलेल्या शाळकरी मुलींत वजनासाठी ओकारी काढणारी एकही नव्हती. 1998 च्या पाहणीत हे प्रमाण 11.3 टक्के निघाले. पाहणी लहान होती आणि एकट्या दूरचित्रवाणीवर सारे खापर फोडता येणार नाही. आनुवंशिकता, स्वभाव, आघात यांचाही वाटा असतो. पण भरल्या अंगाला मान देणाऱ्या समाजातही हे घडू शकते, एवढे त्यातून दिसले. तापीकाठच्या गावातील मुलींच्या हातात तर आज चोवीस तास पडदा आहे.

‘स्मृतिचित्रे’च्या उत्तरार्धात आणखी एक धागा सापडतो. टिळकांनी 1895 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे राहू लागल्या, तरी काही काळ त्यांनी आपले अन्नपाणी वेगळे ठेवले. पुढे स्वतःच्या विचाराने त्यांनी ते बंधन सोडले. हा भाग मराठी गद्यातील अत्यंत तेजस्वी भागांपैकी एक आहे. मात्र येथे उपमा थांबवली पाहिजे. रूढी विचाराने सुटते. आजार केवळ निग्रहाने सुटत नाही. ‘मनावर घे’ असे सांगून बुलिमिया जात नाही. त्यासाठी मानसोपचार लागतात, विचारांची आणि खाण्याची घडी नव्याने बसवावी लागते, काहींना औषधांचाही उपयोग होतो, आणि बहुतेकांना बरे वाटू शकते. इंदूर-भोपाळ गाठण्यापूर्वी निदान बोलता यावे म्हणून 2022 साली सुरू झालेली शासनाची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे.

हरिभाऊ आपट्यांनी आपल्या कादंबरीला ‘पण लक्षात कोण घेतो?’ हे नाव दिले, त्याला शतक उलटून गेले. स्त्रीच्या दुःखाविषयीचा तो प्रश्न ताटापाशी अजून तसाच उभा आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचून हसणाऱ्या आपल्या घरांनी ती एकदा या दृष्टीनेही वाचावीत. आमच्या त्या मुलीने या वर्षी हरतालिकेचा उपास केला नाही. दुसऱ्या दिवशी, गणेश चतुर्थीच्या पंगतीत, ती सर्वांबरोबर बसून जेवली. कोणी तिला आग्रह केला नाही आणि तिच्या बांध्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही.