आश्रय-ओळींचे गणित आणि वऱ्हाडची पऱ्हाटी

कीटकसंख्येच्या गणिती प्रतिमानांत आश्रय-ओळींचे प्रतिमान मोठे देखणे आहे. वऱ्हाडात ते फसले. २००२ साली बीटी कपाशीस अनुमती देताना घातलेली अट याच विचारातून आली : कडेच्या पाच ओळी किंवा क्षेत्राचा पाचवा हिस्सा, यांपैकी जे अधिक त्यात साधी कपाशी पेरावी. मुळाशी हार्डी व वाइनबर्ग यांचा १९०८ चा सिद्धान्त आहे. विषाला दाद न देणारे जनुक हजारात एक व अप्रभावी मानले, तर त्याच्या दोन्ही प्रती लाभलेली अळी दहा लाखांत एक. तिचा पतंग आश्रयातील साध्या पतंगाशी जुगला की संतती पुन्हा विषास बळी पडते.

बीजगणितात खोट नाही. ती गृहीतकांत आहे. हिरव्या बोंडअळीला तूर-हरभराही चालतो, म्हणून पऱ्हाटीत तुरीचे तास घेणाऱ्या अमरावती-अकोल्याच्या शेतांत तिला आश्रय आयताच होता. शेंदरी बोंडअळी मात्र आपल्याकडे जवळजवळ सर्वस्वी कपाशीवरच जगते. तुरीचा तिला उपयोग नाही. शिवाय संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्या विषारी, काही निर्विष असतात. त्या खाणाऱ्या अळीला विषाची अर्धवट मात्रा मिळते, जनुकाची एकच प्रत असलेली अळीही तगते, आणि 'अप्रभावी' हे विशेषण लटके पडते. त्यात फरदड ठेवली की अळीच्या पिढ्या वाढतात.

साध्या बियाण्याचे वेगळे पाकीट सोबत मिळे. ते बहुधा पेरले जात नसे. यास शेतकऱ्याचा निष्काळजीपणा म्हणण्याची प्रथा आम्हास मान्य नाही. पाच एकरांच्या कोरडवाहू धन्याने एक एकर अळीस सोडावा, आणि लाभ साऱ्या शिवाराने घ्यावा! प्रतिमानकर्त्यांनी ज्याला स्थिरांक मानले ते खरे पाहता चल होते, व शून्याकडे झुकणारे होते.

गुजरातेत एकजनुकी वाणास अळी दाद देत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. २००६ पासूनचे द्विजनुकी वाणही पुरले नाही. २०१७ च्या हंगामात वऱ्हाडातील बोंडे किडली. पुढे साधे बियाणे त्याच पाकिटात मिसळण्याचा उपाय आला. त्याने शेतकऱ्याच्या मर्जीचा प्रश्न मिटतो, सरकीचा मिटत नाही : शेजारच्या बीटी झाडाचा पराग साध्या झाडावर येतो आणि आश्रयाच्या बोंडातही विषारी सरकी धरते.