'उत्पादन' शिकवायचे म्हणजे काय?

शेतात राबणाऱ्या तरुणांना शेतीचे रीतसर शिक्षण मिळावे, म्हणून महाराष्ट्रात कृषितंत्र विद्यालये निघाली. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने फळबाग उत्पादन, भाजीपाला उत्पादन असे पदविका शिक्षणक्रम सुरू केले. ही मोठीच सोय झाली. परंतु या शिक्षणातला 'उत्पादन' हा शब्द आम्हांला तपासून पाहावासा वाटतो.

जळगावच्या केळीचे उदाहरण घेऊ. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर लागवड केली, की हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. प्रत्येक झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश, ही राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस. विद्यार्थी ती पाठ करतो. पण शिफारस हे उत्तर झाले. मूळ प्रश्न कोणता होता? ही मात्रा कोणत्या जमिनीत, कशाशी ताडून ठरवली? २०० ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे ४३५ ग्रॅम युरिया, आणि हेक्टरी जवळजवळ ८८९ किलो नत्र. त्यातले किती घडात उतरले आणि किती नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपले? परीक्षेत असे प्रश्न क्वचितच येतात.

दुसरी गोष्ट छेदाची. उत्पादन हा भागाकार आहे: अंशस्थानी टन, छेदस्थानी हेक्टर. झाडाला रोज १५ लिटर पाणी धरले, तर हेक्टरी रोज सुमारे ६७ हजार लिटर लागते. यावल-रावेर भागात उपशामुळे भूजल खोल गेले आहे. तिथे छेदस्थानी हेक्टरऐवजी पाणी मांडले, तर 'चांगला' शेतकरी कदाचित दुसराच ठरेल.

तिसरी गोष्ट बांधापलीकडची. केळीवरचा हरण्या रोग विषाणूमुळे होतो. मावा तो पसरवतो आणि काकडीवर्गीय पिकांतही तो विषाणू वाढतो. एकाने रोगट झाडे उपटली आणि शेजाऱ्याने ठेवली, तर उपयोग थोडाच. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या फड पद्धतीने हे फार पूर्वी ओळखले होते. एका फडात सर्वांचे एकच पीक, पाटकऱ्याने पाळीपाळीने दिलेले पाणी, आणि पाणी किती आहे ते पाहून कोणते फड भिजवायचे याचा निर्णय. उत्पादनाचे एकक एकट्याचे शेत नव्हते. हा धडा आपल्याच जिल्ह्यातला. तो अभ्यासक्रमात मध्यभागी हवा.

यावर कोणी म्हणेल, की शेतकऱ्याच्या मुलाला शंका नकोत, उपाय हवेत. शिवाय अभ्यासक्रमाला वेळ थोडा. यात तथ्य आहे. शिफारशी टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. त्या वर्षानुवर्षांच्या प्रयोगांतून आलेल्या असतात. पण खताचा भाव, पाऊस, वाण, रोग हे सारे बदलते. ज्याला फक्त उत्तर शिकवले, तो बदल झाला की दुकानदाराला विचारायला जातो. स्वतः पडताळणी करता येणे हाही उपायच आहे.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. चार ओळींना शिफारशीइतके खत द्यावे, शेजारच्या चार ओळींना थोडे कमी; बाकी सर्व सारखे ठेवावे. जमीन जागोजागी बदलते, म्हणून ही जोडी शेतात तीन-चार ठिकाणी घ्यावी. घड काट्यावर तोलावेत, खर्च आणि पाणी वहीत लिहावे. पदविकेच्या गुणांतला निम्मा वाटा अशा वहीला दिला, तर 'उत्पादन' शिकवले असे म्हणता येईल. शाळेच्या परसबागेत मेथीच्या वाफ्यांवर हेच करता येते. शिक्षकांनी ते याच हंगामात करून पाहावे.